कारण लिहायची जागा

जपानमध्ये, सेंदाईत आमच्या शेजारी राहणारे आजोबा रायफल बाळगतात, हे मला तीन वर्षांनी कळलं. हिवाळ्यात ते शेतांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांमागे डोंगरात जात. गेल्या वर्षी त्या रायफलीची नळी झिजली. दुकानदाराने नव्या नळ्यांची इंग्रजी माहितीपत्रकं दिली, ती घेऊन ते माझ्याकडे आले.

कोणता कचरा कोणत्या वारी खाली ठेवायचा, त्याचासुद्धा मी तक्ता करून फ्रिजवर लावते. त्यांच्यासाठीही तक्ता केला. एका नळीला आतून क्रोमचा थर: गंज कमी, झीज कमी, साफसफाई एखाद्या दिवशी राहिली तरी चालतं. दुसरी थराविना, नुसत्या पोलादाची: नेम थोडा अधिक अचूक, पण बर्फातून आलं की त्याच दिवशी पुसून तेल द्यायला हवं.

"क्रोमची घ्या," मी म्हटलं. "पुष्कळ वर्षं टिकेल."

"माझ्यामागे टिकून ती काय करणार?" ते हसले. "साधीच बरी. पुसायची सवय आहे मला. आणि डुक्कर एका गोळीत पडावं. जखमी होऊन पळू नये."

मी ऐकलं नाही. पूर्वी एकदा आमच्याकडे त्यांच्या हातून चहा सांडला होता. हल्ली हात कापतात, कधी कधी विसरायलाही होतं, असं तेव्हा ते म्हणाले होते. मुलाला कळू देऊ नका, असंही. हात कापणं आणि विसरणं, दोन्ही मी तक्त्यात क्रोमच्या बाजूने चौथा आणि पाचवा मुद्दा म्हणून लिहिले. शेवटी त्यांनी मान डोलावली.

इथे नळी बदलायलाही पोलिसांची परवानगी लागते. अर्ज मीच भरला. कारण लिहायच्या जागी "सोबतचा तक्ता पाहावा" असं लिहिलं आणि तोच तक्ता स्वच्छ उतरवून मागे जोडला. क्रमांक घातलेले कागद, पारदर्शक फोल्डर. त्यांनी न वाचताच सहीच्या जागी आपला नावाचा शिक्का उमटवला. एकही कागद कमी पडणार नाही, याचं मला कौतुक होतं.

ठाण्यात त्यांना बोलावून चौथा आणि पाचवा मुद्दा वाचून दाखवण्यात आला. मुलालाही फोन गेला. महिन्याभरात आजोबांनी रायफल दुकानात जमा केली आणि परवाना सोडला. कदाचित ते योग्यही असेल. पण ते त्यांनी ठरवायचं होतं, आणि सांगायचंही त्यांनीच.

फोल्डर परत द्यायला ते आले, तेव्हा मी दारातच वाकून माफी मागितली.

"खोटं काही लिहिलं नव्हतंत तुम्ही," ते म्हणाले. "फोल्डर चांगला आहे, ठेवा. कामाला येईल."

मी चहाला थांबा म्हटलं.

"नको. पुन्हा सांडायचा."

रद्दीच्या दिवशी त्यांचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा माझ्या आधी खाली आलेला असतो. कडेला कड जुळलेली, दोरीची गाठ घट्ट. माझा गठ्ठा मी त्याच्यापासून जरा लांब ठेवते.