गुडघेदुखीचा अर्ज

आमच्या घरात चौथीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी कॉलेजात गेलो आणि सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की आता याला बोलता येतं. गावात कुणाला नोटीस आली, कुणाची सोयरीक मोडायची निघाली, की 'त्याला न्या बरोबर, तो शिकलेला हाय.' मला बोलता येत नव्हतं. वर्गात सरांनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही मी मान खाली घालत असे. पण हे कुणाला पटायचं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मी मलकापुरात एका खोलीवर राहायचो, सकाळी कराडात कॉलेज करायचो आणि दुपारनंतर एका साखर कारखान्याच्या गाडीवर हजेरी घ्यायचो. गाडी म्हणजे कारखान्याने कुठूनशी जुनी घेतलेली प्रवासी बस. ती कडेगावच्या बाजूच्या कामगारांना आणायची आणि पाळी सुटली की संध्याकाळी परत सोडायची. छताला दोरी होती, ती ओढली की ड्रायव्हरजवळ घंटी वाजायची. चढणाऱ्याच्या नावापुढे खूण करायची आणि घंटी द्यायची, एवढंच माझं काम.

ड्रायव्हर सैन्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना हवालदार म्हणत, मी मामा म्हणायचो. सीमेवर बर्फातून ट्रक चालवलेला माणूस. कारखान्यातल्या निवृत्तीलाही दोनच वर्षं उरलेली. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी कॉलेजात जाणारा, म्हणून 'कालीज'.

माझ्याआधी गाडीवर जो होता त्याने काम सोपवताना सांगितलं, "एक टोला थांबा, दोन टोले चला. तीन टोले म्हंजी म्होरं बैलगाडी हाय. दोरी धरून ठेवली म्हंजी समोरनं दिवं येत्यात, डावीकडं घे."

मी विचारलं, "हे ड्रायव्हरला दिसत नाही का?"

तो म्हणाला, "सोय आसती गड्या. तू वाजवत जा."

मला वाटलं, कारखान्याची पद्धत असेल. गळिताचा हंगाम, रस्ताभर उसाच्या बैलगाड्या, कुणाला दिवा ना कंदील. सावधगिरी म्हणून वाजवत असतील. आठवडाभर मी इमाने वाजवली.

मग एका संध्याकाळी मोकळ्या रस्त्यात गाडी थांबली. हवालदार हॉर्न वाजवू लागले. एकदा, दोनदा, मग लांबलचक. पुढे कुठल्यातरी गाडीतून पडलेला उसाचा ढीग होता. मागून एक कामगार ओरडला, "आवं हवालदार, ऊस हाय त्यो! किती बी वाजवा, उठायचा न्हाई!"

सगळी गाडी हसली आणि हसता हसता एकदम गप्प झाली. त्या गप्प होण्याने मला कळलं की हे सगळ्यांना ठाऊक आहे. हवालदारांना संध्याकाळचं दिसत नव्हतं. आणि मी हजेरी घ्यायला नेमलेला नव्हतो, त्यांचे डोळे म्हणून नेमलेला होतो.

हवालदार मात्र दुसऱ्या दिवशी गॅरेजात इलेक्ट्रिशियनला झापत होते. "दिव्यात जीव न्हाई. बल्ब बदल म्हणलं तर ह्यो पुसून लावतोय." त्या हंगामात त्यांनी तीनदा बल्ब बदलून घेतले.

चार दिवसांनी गॅरेजच्या प्रमुखांनी मला बाजूला घेतलं. वयाने हवालदारांपेक्षा लहान, हाताखाली तीस माणसं. मला म्हणाले, "हे बघ, काय तर होऊन बसायच्या आत हवालदारांना सांगाय पायजे."

मी म्हणालो, "सांगा ना, साहेब."

"मी कसा सांगू? माझ्या बापाच्या जागी हायती. मेकॅनिक सांगंना, त्याचं आन् हवालदारांचं गाव एकच. तू सांग. तू कॉलेजात जातोस. गोड बोलून, पुस्तकातल्यावानी."

मी एकोणीस वर्षांचा. ते त्यांच्या बापाच्या जागी, तर माझ्या कुणाच्या जागी? हे मी मनात म्हटलं. तोंडाने "बरं" म्हणालो. माझ्या आयुष्यातले निम्मे घोटाळे या 'बरं'ने केले आहेत.

वहीच्या मागच्या पानावर मी वाक्यं लिहून काढली. 'मामा, आपण एवढी वर्षं सेवा केलीत. वयोमानाप्रमाणे दृष्टीत फरक पडतो. त्यात कमीपणा नाही.' आठ दिवस पाठ केली. नवव्या दिवशी पाळी सुटायच्या आधी हवालदार रिकाम्या गाडीत तंबाखू मळत बसले होते. मी जवळ गेलो.

"मामा, आपण एवढी वर्षं सेवा केलीत..."

"निरोप समारंभ हाय का रं माझा?"

"नाही. म्हणजे... वयोमानाप्रमाणे..."

"आरं, भाषण करतोस का बोलतोस? काय झालंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं थोडं चुकत होतं, माझ्या कानाकडे बघत होते. त्यानेच माझा धीर सुटला.

"तुम्हाला त्रास होतो का, मामा?"

"कशाचा?"

"गुडघ्यांचा," मी म्हणालो.

कुठून आले गुडघे, मला आजही सांगता येत नाही. हवालदारांचा चेहरा मात्र खुलला. "व्हय की रं! क्लच दाबून दाबून डावा तर लय दुखतोय. तुला कसं कळलं? घरात बायकूला कळलं न्हाई अजून."

आणि मी, मूर्ख, त्यावर खूश झालो. मला वाटलं, वाट सापडली. गुडघ्यांचं निमित्त करून यांना गाडीवरून उतरवायचं आणि स्टोअरमध्ये बसवायचं. डोळ्यांचा शब्दही काढायला नको. मी सुचवलं, त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, मग म्हणाले, "लिही अर्ज. तुझं अक्षर बरं हाय."

मी अर्ज लिहिला. असा अर्ज मी पुन्हा कधी लिहिला नाही. 'उभय गुडघ्यांच्या तीव्र वेदनांमुळे वाहन चालविणे कष्टप्रद झाले असल्याने' अशी सुरुवात होती. गॅरेजच्या प्रमुखांनी वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "ह्याला म्हणत्यात शिक्षण! साप बी मेला, काठी बी न्हाई मोडली." मेकॅनिकने मला चहा पाजला. मी दोन दिवस छाती काढून हिंडलो.

तिसऱ्या दिवशी हवालदारांना कारखान्याच्या दवाखान्यात तपासायला बोलावलं. डॉक्टर नवे होते आणि दुर्दैवाने कामसू होते. त्यांनी गुडघे वाकवून बघितले, हातोडीने ठोकले, उठाबशा काढायला लावल्या. सैन्यातला माणूस, पंचवीस काढल्या. एवढ्यावर थांबावं की नाही? ड्रायव्हर आहे म्हणून डॉक्टरांनी डोळेही तपासले.

त्या दवाखान्यात डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता रोग्यांच्या बाकासमोरच्या भिंतीवर टांगलेला होता. नंबर येईपर्यंत तासतासभर माणसं त्याच्याकडे बघत बसायची. तो तक्ता पाठ नाही असा माणूस आमच्या कारखान्यात नव्हता. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालासुद्धा ऐकून ऐकून म्हणता येत होता. हवालदारांनी खालच्या ओळीपर्यंत न अडखळता म्हणून दाखवला.

डॉक्टरांनी लिहून दिलं: गुडघे निर्दोष, दृष्टी उत्तम, कामास योग्य.

संध्याकाळी हवालदार तो कागद नाचवत आले. "कालीज, वाच! डाक्टर म्हणतोय गडी फिट हाय. नजर उत्तम. ह्या वयात उत्तम!" सगळ्या गाडीला वाचून दाखवायला लावलं. मी वाचला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणारे तेच, जे उसाच्या ढिगावर हसले होते. मला संताप आला, आणि तो कुणावर काढावा कळेना. अर्ज माझा, गुडघे माझ्या तोंडचे. आधी निदान काही सिद्ध झालेलं नव्हतं. आता नजर उत्तम असल्याचा शिक्का मी मिळवून दिला होता.

प्रमुखांना म्हटलं, "आता तुम्ही सांगा." ते म्हणाले, "आता कसं सांगणार? डॉक्टरचा कागद हाय त्यांच्याकडं. तूच बघ कायतरी."

कामगारांत माझं नाव 'गुडघे मास्तर' पडलं.

असंच चालू राहिलं. मी घंटी वाजवत राहिलो. हाताला घट्टे पडले. परीक्षेचा अभ्यास करताना पुस्तकातली ओळ दिसेनाशी व्हायची आणि रस्ता दिसायचा. मग एकदा बाजाराच्या दिवशी गाडीत उभं राहायला जागा नव्हती. मी मागे अडकलो, दोरीला हात पोचेना. खिडकीतून मला ओढ्याच्या मोरीवर उसाची बैलगाडी दिसली. मी माणसांवरून वाकून दोरी धरली, तीन टोले दिले, पण उशिरा. हवालदारांनी कच्चकन ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा बैलाचं शिंग काचेला टेकलेलं होतं. गाडीवान खाली उतरला. तो बैलाच्या मानेवरून हात फिरवत उभा राहिला.

गाडीत साठ माणसं होती. कुणी काही बोललं नाही. उतरताना एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "उद्या जरा म्होरंच हुबा ऱ्हा."

उद्या पुढे उभा राहा! एवढाच बोध त्यांनी घेतला होता.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या आधी मी गाडीत गेलो. काही पाठ केलं नव्हतं. हवालदार स्टिअरिंगवर फडकं मारत होते.

मी म्हणालो, "मामा, आजपास्नं मी तीन टोलं देणार न्हाई."

मी कॉलेजात गेल्यापासून असं गावाकडचं बोलणं सोडायला लागलो होतो. तोंडातून आपोआप तेच आलं.

"म्हंजी?"

"थांबायचा एक आन् निघायचं दोन. बाकी कायबी वाजवणार न्हाई."

"आन् मग मी गाडी कशी चालवू?"

बोलून गेले आणि थांबले. हातातलं फडकं तसंच राहिलं. बाहेर कामगार जमायला लागले होते, कुणीतरी पत्र्यावर थाप मारून "चला की हवालदार" म्हणत होतं.

"समद्यांना म्हाईत हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"कवापास्नं?"

"मी यायच्या आधीपास्नं."

ते खाली उतरले. मी हात पुढे केला तर झिडकारला. "उतरता येतंय अजून." गॅरेजपर्यंत ते पुढे, मी मागे. प्रमुखांच्या दाराशी मी म्हणालो, "मी सांगू का, मामा?" ते म्हणाले, "तू गप. तुझं सांगणं बघितलंय मी. गुडघं म्हणं."

आत जाऊन ते ताठ उभे राहिले. "साहेब, गाडी दुसऱ्याला द्या. मला दिसत न्हाई."

आता इतके दिवस माझ्यामागे लागलेल्या प्रमुखांनी काय म्हणावं? "आवं, असं काय बोलता? डॉक्टरांनी तर लिवलंय, नजर उत्तम हाय."

हवालदारांनी भिंतीकडे तोंड केलं आणि परेडला हुकूम द्यावा तशा आवाजात तो अख्खा तक्ता वरपासून खालपर्यंत म्हणून दाखवला. कोरी भिंत होती. मग वळले. "समद्या कारखान्याला पाठ हाय ह्यो. तुमाला न्हाई?"

त्या दिवशी गाडी मेकॅनिकने नेली. बल्ब बदलणारा इलेक्ट्रिशियन मला म्हणाला, "बरं झालं बाबा. आमी सांगणारच हुतो." त्या आठवड्यात हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं. प्रमुखांनी तर सभेत सांगितलं की आपल्याकडे मोकळेपणाचं वातावरण आहे.

हवालदारांचं मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा आला, स्टोअरमध्ये बसायचं काम मिळालं. माझ्याशी ते बोलत नव्हते. समोर आलो तर नटबोल्टच्या डब्यात मान घालायचे. मला वाटे, गाडी गेली म्हणून राग असेल. तो मी समजू शकत होतो.

परीक्षेच्या थोडं आधी मी नोकरी सोडली. निरोप घ्यायला स्टोअरमध्ये गेलो. दारात गाडी उभी होती, इंजिन दुरुस्त करून मेकॅनिक दिवे लावून बघत होता. हवालदार तिकडे बघत होते.

"दिवं चांगलंच हुतं की रं," ते म्हणाले. "मी त्या पोराला उगंच शिव्या दिल्या."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला.

"हळूहळू जातंय, कळत न्हाई. मला वाटायचं, संध्याकाळच अशी काळी पडाय लागलीया." मग त्यांनी चष्म्यातून नीट माझ्या डोळ्यांत पाहिलं. "पर तुला तर दिसत हुतं. चार म्हैनं का घालवलंस?"

"धीर होत नव्हता, मामा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मला वाईट वाटंल म्हणून." त्यांनी ते वाक्य हातात घेऊन तोलल्यासारखं परत म्हटलं. "साठ माणसं असायची रं गाडीत. रोज."

मी वर्गात राहायचो तसा मान खाली घालून उभा राहिलो. एवढे सगळे गप्प होते, मीच शेवटी बोललो होतो, हे त्यांना सांगावंसं वाटलं. पण ते खरं असूनही उत्तर नव्हतं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि माझ्यामागे सामान न्यायला आलेल्या माणसाला विचारलं, "तुला काय पायजे, बोल."