दोनच फाइली होत्या

एंटर दाबला की सर स्क्रीनकडे बघत नसत, आमच्याकडे बघत. करंगळी उंच उचलून बटणावर आपटायची आणि खुर्ची फिरवून आमच्या चेहऱ्यांवरचं कौतुक तपासायचं. कौतुक नसलं तरी त्यांना दिसायचं. असले विद्वान तुम्हीही पाहिले असतील.

वर्ध्यातल्या आमच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर खोलीचे प्रमुख, मी त्यांचा सहायक. डॉस-विंडोजवर शिकलेल्या चार कमांडांवर त्यांनी अख्खी नोकरी काढली. सगळ्या फाइलींसाठी * ही एकच खूण, म्हणजे स्टार, पुरत असताना नावं एकेक करून लिहिणारा त्यांच्या मते मूर्ख. "स्टार मार ना बे, सगळ्या येतेत," एवढंच त्यांचं ज्ञान.

पुढे कॉलेजनं विंडोजच्या जागी लिनक्स आणलं. विंडोजवर स्टार जसाच्या तसा कमांडकडे जातो, फाइली तीच शोधते, आणि कुठे न्यायच्या ते सांगितलं नाही तर आपण ज्या फोल्डरात आहोत तिथे आणून ठेवते. लिनक्सवर स्टारच्या जागी आधीच सगळी नावं भरली जातात. कमांडला फक्त नावांची रांग दिसते आणि शेवटचं नाव ती मुक्काम समजते. सरांची कॉपी रोज अडायची. ते मशीनला शिव्या देत. मी एकदा समजावायला गेलो.

"मले शिकवून राह्यला का? तू शाळेत होता तवा मी डॉसवर बसत होतो."

त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. त्यांची फजिती बघणं हा माझा विरंगुळा झाला.

एका शनिवारी सिंदी रेल्वे या गावाहून येणाऱ्या, तासिकेवर शिकवणाऱ्या मॅडम आल्या. सोमवारी पीएचडीचा प्रबंध द्यायचा होता. घरचा कॉम्प्युटर बंद पडलेला, शेवटची दोन प्रकरणं फक्त पेनड्राइव्हवर. त्यांना आणखी एक प्रत हवी होती. सरांनी कमांड लिहिली, पेनड्राइव्हचा पत्ता, स्टार, आणि बस्स; कुठे न्यायचं ते नाहीच. मागे उभा राहून मी मोजलं. दोनच फाइली. तीन असत्या तर मशीन अडलं असतं. दोन असल्या की पहिली दुसरीवर लिहिली जाते, दुसरी पुसली जाते आणि मशीन काही बोलत नाही. माझा एक शब्द पुरला असता. मला वाटलं, होऊ दे एकदाची.

करंगळी आपटली. मॅडमनी फाइली उघडल्या. दोन्हींत चौथंच प्रकरण. पाचवं कुठेच नव्हतं.

मी लगेच सगळा खुलासा केला, तोही उत्साहात. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतला.

"म्हणजे तुम्हाले आधीच माहीत होतं?"

सर म्हणाले, "पाचव्याची कच्ची वही हाये ना तुमच्याजवळ? सांगा, मी टाइप करतो."

शनिवार-रविवार ते दोन बोटांनी टाइप करत बसले. प्रबंध वेळेत गेला. मग सरांनी प्राचार्यांना लिहून दिलं की चूक त्यांची स्वतःची. त्यात माझं नाव नव्हतं. त्याचाही मला रागच आला.

आता सर निवृत्त आहेत, वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेत घरीच असतात, आणि खोली माझ्याकडे आहे. परवा मॅडम पेनड्राइव्ह घेऊन आल्या.

"सर नाईत का?"

"निवृत्त झाले. द्या, मी करून देतो."

त्यांनी पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवला. "राहू द्या. मी सिंदी मेघेले त्यांच्या घरीच जाते."