प्रोजेक्टरचं कपाळ

"पोरगी भिंतीएवढी दिसंल ना वं, बाई?"

त्या आठवड्यात मावशींनी हे मला इतक्यांदा विचारलं, की शेवटी वैतागून मी म्हटलं, "मावशी, भिंत पुरली नाही तर छतावर दाखवते. पण आधी ती खिचडी बघा, करपतेय!"

तिकोण्याच्या पायथ्याच्या एका वाडीवर आमची शाळा. मी लोणावळ्याहून स्कूटीवर खिंड उतरून शिकवायला यायची आणि मावशी शाळेत खिचडी शिजवायच्या. त्यांची धाकटी पोलिसात भरती झाली होती. ट्रेनिंग संपलं, परेडचा दिवस ठरला, मावशींनी जायला नवी साडी घेतली आणि भात कापताना खाचरात असा पाय मुरगळला की थेट प्लास्टर. परेड मोबाइलवर दिसणार होती, पण मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फोनमधलं माणूस त्यांना मुंगीएवढंही दिसायचं नाही. मग मीच तोंड वर करून सांगून बसले, शाळेच्या प्रोजेक्टरवर दाखवते म्हणून.

परेडच्या सकाळी सगळी वाडी वर्गात. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. मावशी नवी साडी नेसून, प्लास्टरचा पाय बाकावर ठेवून भिंतीला खेटूनच खुर्चीवर बसल्या. मी लॅपटॉप लावला, छताला टांगलेल्या प्रोजेक्टरची लोंबणारी वायर त्याच्यात खुपसली. आधी उलटीच खुपसत होते, ते सोडा. खटका दाबला की प्रोजेक्टर आपोआप पेटायचा, तसा पेटला. भिंत निळी झाली आणि त्यावर अक्षरं आली : सिग्नल नाही.

कारण मला ठाऊक होतं. प्रोजेक्टरच्या पाठीला दोन तोंडं. एक रुंद, भोकाभोकांचं, जुन्या कॉम्प्युटरचं. दुसरं चपटं, लॅपटॉपचं. आमचं यंत्र अजून त्या जुन्या तोंडाकडेच आस लावून बसलं होतं. रिमोटचं एक बटण दाबून त्याला सांगायचं, बाबा रे, आता इकडून घे. बस्स, एवढंच काम.

रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोन रबरबँड. नवा आला तेव्हापासून तस्साच. दाबलं. ढिम्म नाही. पिशवी फाडली, पुन्हा दाबलं. ढिम्म नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "सेल फिरवा." फिरवले. "तळहातावर आपटा." आपटला. मग त्यांनी वर्गातल्या घड्याळाचे सेल काढून दिले. घड्याळ बंद पडलं, रिमोट होता तसाच.

"यंत्रावर बटणं असतील की, बाई."

"आहेत ना सर! पोरं काठीनं दाबतात म्हणून तुम्हीच लॉक करायला लावलीत. ते लॉकही रिमोटनंच निघतं!"

सर घोंगडी नीट करायला खिडकीकडे गेले.

इकडं लॅपटॉपवर बँड वाजायला लागला. परेड सुरू झाली होती. मावशी निळ्या भिंतीकडं डोळे लावून बसल्या होत्या. "आली का वं?" त्यांनी हळूच विचारलं. खोटं कशाला सांगू, मला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात आठवलं. रिमोट जिवंत आहे की मेलाय, ते मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसतं. सरांचा फोन घेतला, रिमोट त्याच्यापुढं धरून बटण दाबलं. टोकाला जांभळा ठिपका लुकलुकला. म्हणजे रिमोट ठणठणीत होता! सांगणारा सांगतोय, ऐकणाराच बहिरा.

पदर खोचला आणि चढले बाकावर. प्रोजेक्टरच्या तोंडाशी मोबाइलचा उजेड धरला, आणि काय सांगू! भिंगाच्या वर रिमोटचं ऐकायची काळी चकती असते ना, बरोब्बर तिच्यावर कुंकवाचा हा एवढा टिळा. त्यावर हळद. त्यावर तांदळाचे दोन दाणे, घट्ट वाळलेले.

"कुणी केलं हे?" मी वरूनच ओरडले.

भिंतीजवळून आवाज आला, "म्या."

दसऱ्याला शाळेत पाटीपूजन झालं होतं. सगळ्या वस्तूंना हळदकुंकू लागलं, वर टांगलेलं हे यंत्र तेवढं राहिलं म्हणून मावशी स्टुलावर चढल्या होत्या. नंतर परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी, त्यामुळं त्याला कुणाचा हातच लागला नव्हता.

"त्यो मोठा डोळा दिसला," मावशी म्हणाल्या. "म्हनलं, डोळ्याच्या वर कपाळच आसनार."

आधी सर हसले, मग मी, मग वर्गाचं छप्पर उडायची वेळ आली. मी रुमाल ओला करून चकती पुसली, उतरून मावशींजवळ आले, बटण दाबलं, आणि भिंतीवर लख्ख मैदान उजाडलं.

पोरी ओळीनं येत होत्या. एकसारख्या टोप्या, एकसारखे हात. कॅमेरा एका जागी उभा, एकेक चेहरा भिंतभर मोठा होऊन पुढं सरकत होता. आम्ही डोळे ताणून शोधतोय, तोवर मावशी एका पायावर ताडकन उठल्या.

"ही माजी! ही बगा, ही माजी!"

माझ्या हातातला रुमाल त्यांनी ओढून घेतला, ओल्या कुंकवात बोट टेकवलं आणि भिंतीवरच्या लेकीच्या कपाळाला लावलं. "मावशी, सावली पडतीय, खाली बसा!" मागून ओरडा झाला. त्यांना कुठलं ऐकू येतंय? लेक हसली नाही, परेडमध्ये हसत नाहीत. नजर समोर ठेवून ती पुढं निघून गेली.

टिळा मात्र भिंतीवर राहिला. मागची पोरगी आली, क्षणभर तिच्या कपाळावर तो बसला. मग तिच्या मागचीच्या. मग आणखी एकीच्या.

मी पुसायला पुढं झाले, तर मावशींनी माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"ऱ्हाऊ द्या, बाई. त्याबी कुनाच्या तरी लेकीच हायेत."