चार नावांचा दगड

मिलोनेग सुतार आधी झाडाशी बोलायचा आणि मग कुऱ्हाड उचलायचा. बोलणं फार नसे. "उभं राहून कंटाळलास ना?" एवढंच. मग कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर एक टोला देऊन कान लावायचा. आवाज पोकळ आला तर झाडाची माफी मागून पुढच्या झाडाकडे जायचा. करवत त्याने आयुष्यात हातात धरली नव्हती. करवतीने लाकडाची तोंडं उघडी पडतात आणि पाणी पितात, कुऱ्हाडीने ती मिटतात, असं त्याचं म्हणणं. ओलशान गावात त्याच्याइतकं सरळ तासणारा दुसरा नव्हता. बोलणं मात्र सरळ नव्हतं. त्याची बायको नेझ्का म्हणायची, की याला मीठ मागायचं असलं तरी हा समुद्रापासून सुरुवात करतो.

बारा सुतारांच्या जथ्याचा तो वीस वर्षं मुकादम होता. ही मुकादमकी त्याने एका सकाळी भर सभेत पणाला लावली.

त्याचं कारण देतिनेत्स, म्हणजे टेकडीवरचा गावाचा बालेकिल्ला. पानगळीच्या पावसात त्याची नदीकडची भिंत घसरली होती. नदी गोठली की तीच लुटारूंची सडक होते, हे ओलशानमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. तो हिवाळा देवाच्या कृपेने निभावला असता, पण पुढच्या वर्षी पहिल्या बर्फाच्या सणाआधी भिंत उभी हवी होती. घंटा वाजली, सभा भरली. याकुन गवंड्याने बोटांवर हिशेब मांडला. भिंतीला दहा नावा भरून दगड लागेल आणि खाणवाले वर्षात सहाच नावा देतील. म्हणजे थोडी भिंत यंदा, राहिलेली पुढच्या वर्षी.

"आणि तोवर लुटारूंना काय सांगायचं, उरलेल्या बाजूने येऊ नका?" कोणीतरी विचारलं. सभा हसली. याकुन हसला नाही.

तेव्हा मिलोनेग उठला. ओकच्या झाडापासून सुरुवात करून, आजोबांच्या वेळच्या पुरावरून फिरून तो मुद्द्यावर आला. चार नावांचा दगड कमी पडतो ना, मग तेवढी भिंत लाकडाची करू. ओंडक्यांचे मोठे चौकोनी पिंजरे, एकाला एक लागून, आत ठासून माती. याकुनने त्याच्या तुकड्यात दगड लावावा, आपण आपल्या तुकड्यात लाकूड. याकुन एवढंच म्हणाला, की पेट्या धान्य ठेवायला बऱ्या. हे मिलोनेगला झोंबलं.

"सणाआधी माझी भिंत उभी नसली," तो म्हणाला, "तर मी मुकादमकी सोडीन. सगळ्यांसमोर सांगतो."

या एका वेळेस तो मुद्द्यावर पटकन आला, आणि तेच त्याला भोवलं, असं नेझ्का पुढे कित्येक वर्षं सांगत असे.

हिवाळाभर जथा पलीकडच्या काठावरच्या जंगलात राहिला. त्यांची रीत अशी, की पिंजरा जंगलातच पुरा उभा करायचा, प्रत्येक ओंडक्यावर खुणेच्या खाचा पाडायच्या, मग सगळं मोडून नदी मोकळी झाली की तराफ्यावरून आणायचं. गावात नुसत्या खाचा जुळवत जायचं. एकवीस पिंजरे झाले. भिंत टेकडीबरोबर वळणारी, म्हणून प्रत्येक पिंजऱ्याची एक बाजू लांब, ती बाहेर यायची. दुसरी आखूड, ती आत. आतल्या बाजूला प्रत्येकाला एक बुटकं दार, मागाहून माती भरायला आणि बाण ठेवायला.

उन्हाळ्यात पहिले तीन पिंजरे टेकडीवर चढले. नेझ्का मासे भरलेल्या रोट्या घेऊन आली, टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन बघत राहिली.

"मिलोनेग, ही दारं नदीकडे कशी रे? लुटारूंनी उंबऱ्याला पाय पुसून आत यायचं का?"

जथ्यात कोणी हसेना. मिलोनेग पिंजऱ्याभोवती एक फेरी घालून आला, मग दुसरी. टेकडीचं वळण त्याने पलीकडच्या काठावरून, नदीपार बघत बघत आखलं होतं. फुगवटा आपल्याकडे दिसला, म्हणून लांब बाजू आपल्याकडे, जंगलाकडे धरली. दारं मात्र हात आपोआप करतात तशी केली होती. नदीकडे पाठ, दार उलट बाजूला, ओलशानमधल्या प्रत्येक घरासारखी. दोन्ही गोष्टी बरोबर होत्या, फक्त काठ चुकीचा होता. दारं आली होती लांब बाजूला. ती बुजवावीत, तर नेमकी लुटारूंकडची बाजू थिगळाची होणार. पिंजरे फिरवून दारं आत घ्यावीत, तर आखूड बाजू बाहेर जाणार आणि टेकडीच्या वळणावर दर दोन पिंजऱ्यांमध्ये माणूस शिरेल एवढी फट पडणार. आता नवे ओक तोडायचे तर त्यांच्यात रस भरलेला, वर्षात कुजतील.

त्या दिवशी तो जेवला नाही, तिन्ही पिंजरे फिरवून फटी बघत बसला. दुसऱ्या दिवशी टोपी हातात घेऊन याकुनकडे गेला. सुरुवात कशापासून करावी ते सुचेना, म्हणून सरळच म्हणाला, "चुकलो. ये आणि बघ."

याकुन आला. फटीत हात घालून बघितला, दोन्ही फटी मोजल्या, मग पिंजऱ्याच्या ओंडक्यावर बुक्की मारून बघितली. मिलोनेग टोमण्याची वाट बघत होता.

"या फटी मला दे," याकुन म्हणाला. "बाहेर रुंद, आत निमुळती. दगडाची पाचर अशीच बसते. बाहेरून जेवढा धक्का येईल तेवढी घट्ट."

"पण दगड तुझ्या तुकड्याला लागेल ना?"

"माझ्या तुकड्यातही तुझ्या पेट्या घालू. कुलूप लावून ठेव, म्हणजे धान्यही ठेवता येईल."

टोमणा शेवटी आलाच, आणि मिलोनेगला हायसं वाटलं.

राहिलेले अठरा पिंजरे मागाहून टेकडीवर चढले, तेही मुद्दाम उलटे. सणाला आठ दिवस असताना भिंत टोकापासून टोकापर्यंत उभी होती, दगडाची एक बरगडी, मग लाकूड-मातीचं पोट, पुन्हा बरगडी. दगड लागला सहाच नावांचा. गाव मिलोनेगच्या डोक्याचं कौतुक करू लागलं. तो ज्याला त्याला सांगत सुटला, की अरे, डोकं नव्हे, चूक होती. लोक म्हणत, केवढा विनय.

पण जथ्याला सगळं माहीत होतं. काम संपल्याच्या दुपारी भिंतीच्या सावलीत लापशीची मोठी हंडी मध्ये ठेवली गेली. मिलोनेग उभाच राहिला. "भिंत उभी आहे," तो म्हणाला, "पण मी बोललो होतो ती ही नव्हे. तेव्हा मुकादम तुम्ही निवडा." आणि तो सगळ्यांच्या शेवटी, कडेला जाऊन बसला.

सुतारांच्या हंडीत मुकादमाच्या आधी कोणी चमचा घालत नाही. घातला, की तो नवा मुकादम. बारा माणसं सकाळपासून उपाशी होती. लापशीवर साय धरली. कोणी आभाळाकडे बघत होतं, कोणी भिंतीकडे. सगळ्यात म्हातारा राद्को आपला चमचा बाहीला पुसून पुसून झिजवत होता.

"मिलोनेग," शेवटी तो म्हणाला, "चूक तुझी, पण खाचा आम्ही सगळ्यांनी पाडल्या. आता खा लवकर, माझ्या दातांना गारढोण चालत नाही."

मिलोनेगने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"समुद्रापासून नको," राद्को म्हणाला.

मिलोनेग हंडीपाशी सरकला आणि चमचा बुडवला.