देवासची परिषद आणि कडू घास

गाडी देवासला थांबली तेव्हा नाना फलाटावर हातात पुठ्ठा धरून उभे होते. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘इटली’ एवढंच लिहिलेलं. त्या सकाळी देवासला उतरलेल्यांत इटलीशी संबंध असलेली मी एकटीच होते आणि नाना मला कॉलेजच्या दिवसांपासून ओळखत होते. तरी पुठ्ठा हवाच.

“अहो ताई, इंतजाम म्हणजे इंतजाम,” ते म्हणाले आणि माझी बॅग त्यांनी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

मी पुण्यात इटालियन शिकवते. नानांची धाकटी बहीण वसुधा आणि मी ही भाषा एकाच बाकावर बसून शिकलो. पुढे वसुधा माळव्यात परतली, धारच्या एका कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाली आणि देवासला नानांबरोबर राहू लागली. दोघांनीही लग्न केलं नाही. एकदा सुट्टीत ती दक्षिण इटलीतल्या एका खेड्यात राहून आली होती. तिथे माणूस गेल्यावर काय काय करतात ते तिने पाहिलं होतं. त्यावर निबंध लिहिते लिहिते म्हणत तिने उभी नोकरी काढली. शेवटी मीच वैतागून म्हटलं, तुझ्या गावात इटलीवर परिषद भरवते, मग तरी लिहिशील. पहिला दिवस देवासला, दुसरा धारला, आणि धारला तिचा निबंध, असं ठरलं. साठीला आलेल्या बाईचा हा पहिलाच निबंध होता. नाना पहिल्या रांगेत बसून तो ऐकणार होते.

स्टेशनबाहेरच नानांनी मला पोहे खाऊ घातले. वर शेव आणि जिरावण (माळव्यात पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला). समोर टेकडी, तिच्यावर देवीचं देऊळ, खाली थंडीत गुरफटलेलं गाव. पाहुण्यांच्या खोल्या, गाद्या, मिनीबस, गरम पाणी, नाना सगळं सांगत होते. देवासात त्यांनी परिषदेची इतकी दवंडी पिटली होती की स्थानिक वार्ताहराने फोन करून पिझ्झा किती वाजता आहे ते विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाना गेले. झोपेतच. सकाळी वसुधा चहा घेऊन उठवायला गेली तेव्हा कळलं.

दुपारी सगळं आटोपलं. त्याच दिवशी बाहेरगावचे पाहुणे एकेक करून येत होते, आणि त्यांना उतरवून घ्यायला आता नाना नव्हते. मी वसुधाकडे गेले. ती भिंतीला टेकून बसली होती.

“परिषद थांबवू नकोस,” ती म्हणाली. “नानाने एवढा खटाटोप केलाय. माझा निबंध मात्र काढून टाक. ज्याला ऐकवायचा होता तो गेला.”

मी तो लगेच काढून टाकला नाही. आता नाही वाचला तर हा निबंध ती पुन्हा कधी हातात धरणार नाही, हे मला तिच्याइतकंच ठाऊक होतं. मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता.

पहिल्या दिवशी देवासच्या सभागृहात मागच्या फलकावर कलता मनोरा इतका कलला होता की पाहुण्यांनी आधी त्याचेच फोटो काढले. इटलीहून आलेल्या प्राध्यापक लुचिया दक्षिणेतल्याच एका लहान गावच्या. त्या फार छान बोलल्या. माझाही निबंध झाला. लोकांनी तो सहन केला. सगळी धावपळ प्रदीपने सांभाळली. हा तिथल्या कॉलेजातला तरुण प्राध्यापक, घर मराठी, शाळा हिंदी. “मॅडम, मराठी बोलतो मी ठीक, पण वाचायला टाइम लागतो,” हे त्याने मला आधीच सांगून ठेवलं होतं.

जेवणात दाल-बाफले (उकडून, भाजून तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) आणि चुरम्याचे लाडू होते. वसुधाच्या घरी चूल पेटलेली नसणार, म्हणून मी घाईघाईत एक डबा भरला आणि प्रदीपबरोबर पाठवला. तो अर्ध्या तासात डबा तसाच घेऊन परत आला.

“वसुधाताईंच्या काकासाहेबांनी हात नाही लावला, मॅडम. सुतकाच्या घरी लाडू नाही नेत. मला पण ध्यानात नाही आलं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वसुधाचा निबंध याच विषयावरचा. त्याचे खर्डे मी सहा महिने तपासत होते. आणि प्रत्यक्ष मैत्रिणीच्या घरी मी तूप निथळणारे लाडू पाठवले.

संध्याकाळी माफी मागायला गेले. काकासाहेब म्हणजे वसुधाचे चुलते, ऐंशी ओलांडलेले. त्यांच्या घरची माणसं कधीकाळी इथल्या दरबारात होती, आणि ती भाषा त्यांच्या तोंडी अजून शिल्लक आहे.

“मनास लावून घेऊ नये, बाईसाहेब,” ते म्हणाले. “परगावच्या माणसास काय ठाऊक! शेजारून पिठलं-भात आला आहे.”

तो आलेला भात कोपऱ्यात झाकून ठेवलेला होता. कुणी खाल्ल्याचं दिसत नव्हतं. मी भीत भीत निबंधाचा विषय काढला.

“दहा दिवस वसूचे बाहेर जाणे व्हायचे नाही,” काकासाहेब म्हणाले. मग तेच पुढे म्हणाले, “मात्र घरी बसून बोलण्यास काय हरकत? फोनला कसले आले आशौच!”

“काकासाहेब, मला नाही जमणार,” वसुधा म्हणाली.

“नाना रोज येऊन मला सांगे, वसूचा निबंध, वसूचा निबंध. आता तो मला ऐकावयाचा आहे.”

वसुधाने निबंधाची पानं जवळ ओढून घेतली.

सकाळी मिनीबसने धारला निघालो. इंदूर मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना गहू, हरभरा आणि लसणाची शेतं लागली. काळ्या मातीवर धुकं होतं. चालकाला कुणीतरी विचारलं, अजून किती लांब? तो म्हणाला, “आ गया भिया, बस, ये आया धार,” आणि पुढे तासभर धार आलं नाही. मग उजाड माळावर एकदम किल्ल्याची तांबूस भिंत दिसली, गावात शिरताना तलाव लागला. नोकरीची सगळी वर्षं वसुधा इथेच राहिली होती. तिच्या गावात तिच्याशिवाय उतरणं मला फार जड गेलं.

दुपारी प्रदीपने पडदा लावला. आधी नुसता आवाज आला, मग चित्र. वसुधा चटईवर बसली होती. शेजारी काकासाहेब काठी आडवी ठेवून बसले होते. मागे जमिनीवर, नानांना शेवटचं ठेवलं होतं त्या जागी, दिवा जळत होता.

ती मराठीतच वाचणार, हा तिचा हट्ट आधीपासूनचा. लुचियाबाईंच्या हातात इटालियन मजकूर होता. वसुधा सपाट आवाजात वाचत गेली. त्या खेड्यात मरण आलेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारी पाळीपाळीने जेवण आणतात. त्या जेवणाला तिथे ‘कॉन्सोलो’ (सांत्वन) म्हणतात. आपल्याकडेही कडू घास (मृताच्या घरी बाहेरून नेऊन देण्याचं साधं जेवण) आहे, माळव्यात हिंदी बोलणारे कडवी रोटी म्हणतात. मग ती फरकाकडे आली.

“तिथे जेवण आणणारा शेजारी त्या घरातच बसतो. त्यांच्याबरोबर जेवतो. ते जेवेपर्यंत उठत नाही. आपल्यात घास आणणारा भांडं ठेवतो आणि निघून जातो. तो त्या घरात…”

इथे ती थांबली. मला वाटलं चित्र अडकलं, पण दिव्याची ज्योत हलत होती. काकासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. नुसते म्हणाले, “पुढे.”

“तो त्या घरात पाणीही पीत नाही,” वसुधाने वाक्य पुरं केलं. मग उरलेली पानं वाचली, सगळी वाचली आणि चष्मा काढून पुसला.

मी प्रश्नांसाठी सभा खुली केली. प्रश्नांची एरवी झुंबड उडते. इथे एकही हात वर झाला नाही. मग लुचियाबाई उठल्या. त्यांनी ध्वनिक्षेपक घेतला नाही. पडद्याजवळ गेल्या आणि इटालियनमध्ये दोनच शब्द बोलल्या. भाषांतर करायचं काम माझं होतं.

“त्या विचारतायत, जेवलीस का?”

वसुधाने मान हलवली. नाही. आणि मग, परवापासून एकदाही न रडलेली वसुधा, सगळ्या परिषदेसमोर रडली.

समारोपाची भाषणं मी कापून टाकली. कुणी रागावलं असेल तर असो. परतीच्या वाटेवर प्रदीपने घरी फोन लावला, “आई, पिठलं-भात कर ना. वसुधाताईंच्या घरी न्यायचंय. आणि हो, जरा ज्यादा कर.” देवासला पोचलो तेव्हा सूर्य टेकडीआड जात होता. पातेलं लुचियाबाईंनी धरलं, पत्रावळी मी.

काकासाहेब दारात होते. पातेलं पाहून त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. लुचियाबाईंनी ते तिथे ठेवलं आणि आपल्या गावात करतात तसं सरळ वसुधाशेजारी बसकण मारली. मीही बसले. चार पत्रावळी मांडल्या.

काकासाहेब जरा वेळ उभेच राहिले. “बाईसाहेब, त्यांचे ठीक आहे, त्या परदेशच्या. आपणांस मात्र गेल्यावर स्नान करावे लागेल.”

“करीन,” मी म्हटलं.

“थंडी आहे.”

“असू दे.”

मग तेही भिंतीला धरून सावकाश खाली बसले. वसुधाने पहिला घास घेतला, तो बराच वेळ तिच्या तोंडातच राहिला. आम्ही तिघं थांबलो. तो तिने गिळला, दुसरा घेतला, मग आम्ही जेवू लागलो. पिठलं तिखट होतं. लुचियाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. त्या रडत होत्या की तिखटाने, मी विचारलं नाही.

मी पुष्कळ परिषदा भरवल्या आहेत. सांत्वनावर, विरहावर, स्मरणावर माणसं तासन् तास बोलताना ऐकली आहेत, मीही बोलले आहे. समोरचा माणूस जेवला आहे का, हे मात्र आमच्यापैकी कुणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. पुण्याला परतताना गाडीत हाच विचार डोक्यात होता आणि माझी मलाच लाज वाटत होती.

निबंधांचं पुस्तक छापायला देण्याआधी वसुधाला फोन केला. विचारलं, ते वाक्य बदलायचं का, आपल्यात आणणारा जेवत नाही, ते?

“नको,” ती म्हणाली. “रीत तीच आहे. फक्त खाली एक टीप दे.”

“काय लिहू?”

“लिही, देवासला माझा भाऊ गेला तेव्हा घास आणणाऱ्या दोघीजणी बसून जेवल्या.”

मी तसंच लिहिलं. टिपेला आधार द्यावा लागतो, तो दिला नाही. छापखान्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, एवढी एक तशीच छापा.