मायाच्या खिडक्या

माया आमच्याकडे जेवायला बसली की ताट वाढून घेण्याआधी त्याच्या कडेला नख लावून बघायची. धुतलेली स्टीलची ताटं एकात एक घट्ट बसतात आणि वरून एकच दिसतं. "मावशी, दोन ताटं घेऊन बसले असते ना मी. लोक म्हणले असते, मुरुडची पोरगी लई खाती." मला आधी वाटलं, ही हिची तऱ्हा आहे. नंतर कळलं की हे तिच्या कामातून आलेलं होतं.

माझा मुलगा श्रीकांत लातुरात इमारतींचे नकाशे करतो. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं ऑफिस आहे. माया तिथे कामाला होती. तिशीतली, आयटीआय शिकलेली, रोज मुरुडहून एसटीने यायची. लग्नाचं विचारलं तर "घरचे बघायलेत" एवढंच सांगायची. कॉम्प्युटरवर नकाशा काढायचा आणि त्यातल्या खिडक्या, दारं, दिवे मोजून आकडा द्यायचा, हे तिचं काम. त्या आकड्यावर माल मागवतात.

मी चौथीपर्यंत शिकलेली. मोजायला एवढं मोठं यंत्र कशाला, असं मी तिला एकदा विचारलं. तिने खुर्ची सरकवून मला शेजारी बसवलं.

"हे बघा मावशी, खिडकी एकदाच काढायची. तिला नाव द्यायचं. मग तीच उचलून जागोजाग चिकटवत जायचं. ह्या नावाच्या किती, असं विचारलं की हे लगेच सांगतं. पण ह्याला अक्कल न्हाई. एकीवर दुसरी बसली तर आपल्याला एकच दिसती, हे मात्र दोन मोजतं. म्हणून आधी निवडायचं, मग मोजायचं."

निवडायचं हा तिचाच शब्द. तांदूळ निवडावेत तशी ती नकाशा निवडायची. एकाखाली एक दडलेलं सगळं काढून टाकायची आणि मगच आकडा द्यायची.

स्वभावाने गोड होती असं मी म्हणणार नाही. अर्धा चहा कपात ठेवून उठायची. माझ्या भाजीला नाव ठेवायची, "मावशी, आज मीठ दोनदा चिकटवलंय." श्रीकांतलाही सोडायची नाही. गिऱ्हाईक समोर असलं तरी म्हणायची, "सरांचा नकाशा म्हणजे आठवडी बाजार हाय, कोण कुठं बसलंय पत्ता लागत न्हाई." श्रीकांत हसायचा, पण ते हसू ओठापुरतंच असायचं. मी त्याची आई आहे, मला ते दिसायचं.

नांदेडच्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम आमच्याकडे आलं. संस्थेच्या सचिवांना मायाचं काम आवडलं होतं. पुढच्या इमारतीचे नकाशे तूच कर, नांदेडला ये, असं ते तिला सगळ्यांसमोर म्हणाले. तिने तिकडे ऑफिससाठी एक गाळाही बघून ठेवला होता. पाटीवर फक्त नाव लिहायचं, सर न्हाई न् मॅडम न्हाई, असं मला सांगायची. तेवढं सांगताना मात्र टोमणा मारायची नाही.

मग तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती सुट्टीवर गेली. मधल्या काळात वसतिगृहाच्या वरच्या मजल्यात बदल करायचा होता, तो श्रीकांतने स्वतः केला. माया परत आली त्या दिवशी खिडक्यावाल्याचा फोनवर फोन चालला होता. मी चहा घेऊन खोलीत होते.

"निवडत बसू नको, आकडा दे," श्रीकांत म्हणाला.

"सर, एकदा बघते की."

"वरचा मजला मीच केलाय. माझ्यावर भरवसा न्हाई का?"

तिने आकडा दिला.

माल पोचला तेव्हा वरच्या मजल्याच्या खिडक्या दुप्पट आल्या. श्रीकांतने त्या मजल्याच्या सगळ्या खिडक्या त्याच जागी दुसऱ्यांदा चिकटवल्या होत्या. तयार खिडक्या, काच बसवलेल्या, त्याच मापाच्या. दुसरीकडे कुठे बसणार नाहीत.

सचिव गाडी करून लातूरला आले. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "मोजणी कुणाची?"

माया उभी राहिली. "माझी. निवडल्याशिवाय मोजलं. चूक माझी हाय."

तिच्या वाट्याची अर्धी चूक तिने सांगून टाकली. उरलेली अर्धी श्रीकांतने सांगायची होती. तो म्हणाला, "साहेब, हिला कितीदा सांगितलं, तपासून देत जा म्हणून."

माझ्या हातात कपांचा ट्रे होता. मी म्हटलं, "कधी सांगितलंस? निवडत बसू नको म्हणालास तू. मी इथंच उभी होते."

सचिवांनी ट्रेमधला कप उचलला. श्रीकांत हसून म्हणाला, "आईला ह्यातलं काय कळतंय."

मायाचा चेहरा तोवर शांत होता, तो तेव्हा पडला. "मावशी, तुम्ही आत जा," ती म्हणाली. म्हातारीने बाजू घेतली म्हणून सुटणं तिला नको होतं. मी आत गेले. पोटच्या पोराची एवढी लाज मला तोवर कधी वाटली नव्हती.

नांदेडच्या पुढच्या इमारतीचा विषय सचिवांनी परत काढला नाही. मायाने हातातलं काम पुरं केलं आणि यायची थांबली.

मी श्रीकांतच्या मागे लागले. तो म्हणायचा, गिऱ्हाईक तुटलं असतं. शेवटी मीच गाडीत बसले आणि त्याला म्हटलं, चल मुरुडला. मायाच्या घरी तो रस्त्याचं बोलला, सोयाबीनचं बोलला, तिच्या आईच्या डोळ्याचंही बोलला. मग म्हणाला, "परत ये. पगार वाढवतो."

मायाने चहा पुढे केला. "सर, तो नकाशा नंतर निवडला का?"

"निवडला."

"वरच्या मजल्यावर किती निघाल्या एकीखाली एक?"

"सगळ्याच."

"कुणी बसवल्या?"

त्याने कप खाली ठेवला. तो म्हणाला, "मीच."

"मग हे सचिव साहेबांना सांगा. मला कशाला सांगायलात? मला त्याच दिवशी ठाऊक होतं."

"सांगतो," तो म्हणाला.

माया आता लातुरातच दुसऱ्या एका ऑफिसात आहे. आमच्या गल्लीवरूनच जाते, पण घरी येत नाही. संक्रांतीला फोन केला तिने. म्हणाली, "ताटं सुटी करून ठेवता का न्हाई?" मी हो म्हटलं. श्रीकांतचं तिने विचारलं नाही आणि मीही त्याचं नाव काढलं नाही.

संस्थेने परत पाठवलेल्या त्या जादा खिडक्या आमच्या परसात भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. त्यांच्या काचांवर ऊन पडलं की स्वयंपाकघरात माझ्या डोळ्यांवर येतं. आल्यागेल्याने विचारलं की सून सांगते, "त्या मायाच्या खिडक्या." परवा श्रीकांतही एका गिऱ्हाइकाला तसंच म्हणाला. मी भांडी घासत होते. तिथूनच ओरडून म्हटलं, "तुझ्या आहेत त्या."

रोज सकाळी बांधकामं बघायला जाताना तो गाडी काढतो तेव्हा मी दारात उभी राहते. "नांदेडला सांगितलंस का?"

"आज सांगतो."

तो गेला की मी आत येते. खिडक्या जागेवरच असतात.