भिंतीपलीकडचा गेम

माझ्या धाकट्या भावाने गेम खेळायचं एक स्वस्त यंत्र बनवलं होतं. टीव्हीला जोडायची छोटी डबी आणि हातात धरायला एक कंट्रोलर. त्याचे आराखडे, प्रोग्राम, सगळं त्याने इंटरनेटवर खुलं ठेवलं. कुणीही बनवावं, बदलावं, विकावं. फक्त मूळ कुणाचं ते लिहावं, एवढीच अट.

आमचा चुलतभाऊ भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात प्लास्टिकची खेळणी बनवतो. भाऊ त्याच्याकडे नमुना घेऊन गेला, तेव्हा मी सोबत होते.

"फुकट वाटतोयस, मग मी कशाला बनवू?" तो म्हणाला. "याला भविष्य नाही रे. तुझ्या न जमणाऱ्या लग्नासारखंच आहे हे."

गाळ्यातली माणसं हसली. भाऊही हसला.

त्याच पावसाळ्यात भाऊ तापाने गेला. चुलतभाऊ भेटायला आला, आईसमोर बसून बराच वेळ रडला आणि निघताना आठवण म्हणून तो नमुना मागून घेऊन गेला.

पुढच्या उन्हाळ्यात जेसल पार्कच्या दुकानांतून लाल डब्या दिसू लागल्या. खोक्यावर चुलतभावाच्या मुलीचं नाव होतं, भावाचं कुठेच नव्हतं. डब्या चांगल्या खपत होत्या. भविष्य होतं तर.

शेजारच्या फ्लॅटमधल्या रिटायर झालेल्या गृहस्थांना त्यांच्या मुलाने तशी एक डबी आणून दिली. त्यातल्या एका खेळात उत्तनजवळच्या चौक गावातून एक होडी निघते. वल्हवणारा थकला की भावाचाच आवाज येतो, "दमलास ना? बस जरा." चुलतभावाने नाव काढलं होतं, आवाज काढायची तसदी घेतली नव्हती. शेजाऱ्यांना ऐकू कमी येतं आणि खेळता तर मुळीच येत नाही. त्यामुळे दुपारभर भिंतीपलीकडून माझा भाऊ त्यांना बसायला सांगत असे.

आई मेथी निवडत होती, तेव्हा तिने तो पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची भिंतीला लावली. मी तोच आवाज इंटरनेटवरून उतरवून तिला लॅपटॉपवर ऐकवला.

"हे नको," ती म्हणाली. "हे तू लावलंयस."

दसऱ्याच्या आधी मी गाळ्यात गेले. भावाचं नाव लिहा आणि नमुना परत द्या, एवढंच मागितलं.

"नमुना उघडला तेव्हाच मोडला, ताई. नावाचं बघू," चुलतभाऊ म्हणाला. "पण एक काम केलं बघ. नव्या मालातून त्याचा आवाज काढून टाकला. सणाचा माल, त्यात गेलेल्या माणसाचा आवाज. गिऱ्हाइकाला कळलं तर हात लावेल का कुणी?"

"तो राहू दे. आई ऐकते रोज."

"काकूंचं वय झालंय, तू तरी शिकलेली आहेस. बदलायची परवानगी त्यानेच दिलीय ना?" मग कामगारांकडे वळून म्हणाला, "सुतकातला माल दसऱ्याला विकायचा म्हणतात या."

पुन्हा हसले सगळे. या वेळी आमच्याकडून हसायला कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर शेजाऱ्यांच्या कंट्रोलरचं बटण तुटलं. दुकानदाराने डबीसकट सगळंच बदलून दिलं. शेजारी मुद्दाम आमच्या दारात येऊन आईला सांगून गेले, "नया वाला मिला, भाभीजी. पुराना बीच में टोकता बहुत था. बैठ जा, बैठ जा. अब एकदम शांति."

"अच्छा हुआ," आई तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली आणि तिने दार लावलं.

मग ती खुर्चीत जाऊन बसली. पलीकडे लाटांचा आवाज सुरू झाला, वल्ह्यांचा सुरू झाला. मी म्हटलं, "आई, आता नाही येणार गं. चल, जेवून घे."

तिने हात वर करून मला गप्प केलं.

"थांब," ती म्हणाली. "दमेल आता."